ओहायो स्टेटची रिसीव्हरची फळी: किती खोल, आणि कोणाच्या तुलनेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलंबसला शिकायला येऊन दोन वर्षं झाली, इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली, आणि इथे जो तो सांगतो की रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंची, एवढी खोल फळी या विद्यापीठाकडे पूर्वी कधीच नव्हती. हे खरं आहे, की प्रत्येक पिढीला आपल्याच काळातले खेळाडू थोर वाटतात त्यातलाच हा प्रकार? आणि दुसरं, मैदानावर एका वेळी बहुधा तीनच रिसीव्हर असतात, मग चौथ्या-पाचव्याचं एवढं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं. खरं आहे, पण लोक ज्या संघाकडे बोट दाखवतात तो संघ मला पटत नाही. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या २०२४च्या संघात या विद्यापीठाने पाहिलेला बहुधा सर्वांत ताकदीचा रिसीव्हर होता, तरी ती फळी सर्वांत खोल नव्हती. माझ्या मते सर्वांत खोल फळी २०२१ची. त्या वर्षी हा संघ कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून हरला, म्हणून लोक तिचं नाव चटकन घेत नाहीत. तिच्या खालोखाल मी २०१८ची धरतो, आणि तिच्यातल्या नेहमीच्या सहा जणांपैकी एकही पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (तिथे संघ कॉलेजच्या खेळाडूंना फेरीफेरीने निवडतात) पहिल्या फेरीत गेला नाही.

मी १९९४च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून इथे एम.एस. करायला आलो. गेली सतरा वर्षं इथल्याच एका उपनगरातल्या हायस्कूलच्या संघात रिसीव्हरना शिकवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर माझी प्रत्येक संध्याकाळ मैदानावर जाते. त्यामुळे खोलीबद्दल बोलताना मी स्टार खेळाडूंची यादी आधी काढत नाही.

मराठीत या बाबतीत एक छान सोय आहे. इथले कोच एका जागेच्या सगळ्या खेळाडूंना मिळून ‘रूम’ म्हणतात. रिसीव्हर रूम, क्वार्टरबॅक (म्हणजे पास फेकणारा) रूम. ती पोरं खरोखरच रोज एका खोलीत बसून व्हिडिओ बघतात, म्हणून तो शब्द पडला. आपल्याकडे खोली म्हणजे बसायची खोली आणि खोली म्हणजे विहिरीची खोली. विहीर किती खोल आहे ते पावसाळ्यात कळत नाही, एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की कळतं. रिसीव्हरचंही तसंच आहे. पहिले दोघे धडधाकट असताना सगळ्याच फळ्या खोल दिसतात. म्हणून मी एकच गोष्ट तपासतो: पहिला माणूस गळाला त्या दिवशी काय झालं?

वूडी हेज यांच्या काळाला ही कसोटी लावताच येत नाही. ते १९५१ ते १९७८ इथे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ चेंडू घेऊन धावायचा. ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ हीच त्या खेळाची ओळख. पॉल वॉरफील्ड पुढे क्लीव्हलँड आणि मायामीकडून रिसीव्हर म्हणून खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण इथे तो हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, होता. आर्ची ग्रिफिनने १९७४ आणि १९७५ अशी सलग दोनदा देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली तेव्हा रिसीव्हरने त्याच्यासाठी समोरचा माणूस अडवायचा, हे मुख्य काम होतं. तेव्हाच्या मुलांना उथळ म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्याकडे चेंडू फेकलाच जात नव्हता.

क्रिस कार्टरपासून खरी गोष्ट सुरू होते. ओहायोच्याच मिडलटाउनचा मुलगा. १९८४च्या हंगामात पहिल्याच वर्षी रोझ बोल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात ९ झेल आणि १७२ यार्ड. १९८६मध्ये ६९ झेल, १,१२७ यार्ड, ११ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचवणं). त्याचे हात कसे होते हे सांगायला मी नेहमी एकच गोष्ट दाखवतो: चेंडू अंगाबाहेर, रेषेबाहेर जातोय, पाय मात्र रेषेच्या आत, बोटांच्या टोकांवर झेल. पण १९८७च्या हंगामाआधी एजंटाशी केलेल्या करारामुळे तो अपात्र ठरला. त्या वर्षी संघाचे ६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी झाली आणि मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात प्रशिक्षक अर्ल ब्रूस यांना काढल्याचं जाहीर झालं. सगळा दोष एका खेळाडूच्या जाण्यावर टाकता येणार नाही. पण त्याच्या जागी उभं राहील असं कोणी तयार नव्हतं, आणि समोरच्या बचावालाही ते ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकाबद्दल मी थोडा हळवा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ३० सप्टेंबर १९९५ला नोत्र दाम इथे खेळायला आलं होतं. माझं दुसरंच वर्ष, नियम अजून नीट कळत नव्हते. क्वार्टरबॅक बॉबी होइंगने एक साधा छोटा पास टेरी ग्लेनला दिला. ग्लेनने तो घेतला, एकाला चुकवलं, आणि मग माझ्याभोवतीचे सगळे बाकांवर उभे राहिले म्हणून मला पुढचं दिसेना. ८२ यार्ड. सामना ४५-२६ असा जिंकला. घरी परत जाताना डोक्यात हेच होतं की हा खेळ आपल्याला शिकायचाय. तोच ग्लेन कोलंबसचा मुलगा, स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला, त्या हंगामात ६४ झेल, १,४११ यार्ड आणि १७ टचडाउन करून देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेऊन गेला.

१९९५ ते १९९९ या पाच ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटचे तीन रिसीव्हर पहिल्या दहात गेले: जोई गॅलोवे आठवा, ग्लेन सातवा, डेव्हिड बोस्टन आठवा. वरवर पाहिलं तर ही आजच्याच तोडीची विहीर. पण नीट बघा, ते एकामागून एक आले. गॅलोवे असेपर्यंत ग्लेनचे झेल मोजकेच होते. तो खोलीत बसलेला होता आणि बाहेर कोणाला त्याची कल्पना नव्हती. म्हणजे १९९४ला खोली होती, पण तिचा वापर नव्हता. १९९५ला वापर झाला तेव्हा ग्लेनच्या जोडीला मोठं नाव होतं ते टाइट एंड (अडवतो आणि झेलतोही असा खेळाडू) रिकी डडलीचं. एका वेळी एक महान रिसीव्हर आणि बाकीचे कामाचे, असं त्या काळाचं चित्र आहे.

इथे आकड्यांबद्दल सावध करतो, कारण तुलनेत लोक इथेच घसरतात. बोस्टनने १९९८मध्ये ८५ झेल घेऊन १,४३५ यार्ड केले, आणि तो विद्यापीठाचा विक्रम २०२१पर्यंत टिकला. त्या वर्षी संघ १२ सामने खेळला. जेरेमाया स्मिथने २०२४मध्ये १,३१५ यार्ड केले, पण बारा संघांच्या नव्या प्लेऑफमुळे संघाचे १६ सामने झाले. सामन्यामागे बोस्टन जवळपास १२०वर येतो, स्मिथ ८२वर. स्मिथ कमी दर्जाचा आहे असा याचा अर्थ नाही. तो तेव्हा पहिल्या वर्षात होता आणि त्याच्या शेजारी आणखी दोघे झेलणारे होते. शिवाय राष्ट्रीय नोंदींमध्ये बोल सामन्यांचे आकडे २००२पासून धरायला लागले. त्यामुळे जुन्या-नव्या विक्रमांची नुसती यादी समोर ठेवून वाद घालू नका.

आता २००६. हा संघ मला अजून टोचतो. सगळे १२ सामने जिंकलेले, देशात पहिला क्रमांक, क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथला नुकतीच हाइझमन मिळालेली. रिसीव्हर टेड गिन ज्युनिअर आणि अँथनी गोन्झालेझ. पुढच्या एप्रिलमध्ये दोघेही पहिल्या फेरीत गेले, गिन नववा आणि गोन्झालेझ बत्तिसावा. आदल्याच वर्षी सँटोनियो होम्सही पहिल्या फेरीत गेला होता. त्यांच्या मागे ब्रायन रोबिस्की आणि ब्रायन हार्टलाइन ही तरुण पोरं. कागदावर ही फळी फार देखणी होती.

८ जानेवारी २००७, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, फ्लोरिडाविरुद्ध अंतिम सामना. आम्ही दहा-बारा जण एका मित्राच्या बेसमेंटमध्ये बसलो होतो. गिनने पहिलाच किकऑफ उचलला आणि ९३ यार्ड धावत नेऊन टचडाउन केला. बेसमेंट हादरलं. मग आनंदाच्या भरात सहकारी त्याच्या अंगावर पडले, त्याचा पाय दुखावला, आणि तो परत खेळूच शकला नाही. त्या रात्री ट्रॉय स्मिथचे १४पैकी ४ पास पूर्ण झाले, ३५ यार्ड. पूर्ण संघाचे मिळून ८२ यार्ड. निकाल ४१-१४. फ्लोरिडाच्या दोन्ही कडांचे बचावपटू स्मिथला श्वास घेऊ देत नव्हते, हेही तेवढंच खरं. चेंडू फेकायलाच वेळ नसेल तर रिसीव्हर काय करणार? पण गिन गेल्याबरोबर फ्लोरिडाच्या सेफ्टींना, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूंना, मागे राहण्याची गरज उरली नाही, ते सरळ पुढे आले. एका माणसाच्या भीतीवर आख्खी आक्रमणाची रचना उभी होती आणि तो माणूस सोळा सेकंदांत संपला. मी ‘खोली’ म्हणतो ती त्या रात्री नव्हती.

त्या संघातला तो ब्रायन हार्टलाइन पुढे एनएफएलमध्ये खेळला, २०१७ला परत आला, आणि २०१८च्या हंगामापासून इथल्या रिसीव्हरचा प्रशिक्षक झाला. त्यानंतरची फळी मुख्यतः त्यानेच उभी केली.

२०१८बद्दल मी जास्त बोलणार, कारण तिला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. पॅरिस कॅम्बेल, टेरी मॅक्लॉरिन, के. जे. हिल, जॉनी डिक्सन, बिंजिमेन व्हिक्टर, ऑस्टिन मॅक. हे सहाजण आलटून-पालटून खेळायचे. कोणी आल्याने किंवा गेल्याने खेळाचा वेग बदलायचा नाही. क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्सने त्या वर्षी ४,८३१ यार्ड आणि ५० टचडाउन फेकले. कॅम्बेलचे ९० झेल. मॅक्लॉरिनचे फक्त ३५ झेल, पण त्यांत ११ टचडाउन. शिवाय किकच्या वेळी तो सर्वांत आधी धावत जाऊन समोरच्याला पाडायचा. हे काम सहसा राखीव खेळाडूच्या वाट्याला येतं. मॅक्लॉरिन तिसऱ्या फेरीत ७६व्या क्रमांकावर वॉशिंग्टनकडे गेला आणि २०२० ते २०२४ सलग पाच हंगाम हजार यार्डांच्या वर राहिला. कॉलेजात ३५ झेल घेणारा माणूस. ही असते खोली.

आणि मग २४ नोव्हेंबर २०१८, मिशिगनविरुद्ध. मी वरच्या सज्जात होतो. मॅक दुखापतीमुळे बाहेर, म्हणून पहिल्या वर्षाचा एक सडपातळ मुलगा आत आला. ख्रिस ओलाव्ह, कॅलिफोर्नियाचा, हायस्कूलमध्ये पाचपैकी तीन तारे मिळालेला. म्हणजे या विद्यापीठाच्या मानाने साधाच. मिशिगनचा बचाव तेव्हा देशातल्या सर्वोत्तमांत गणला जात होता. ओलाव्हने दोन टचडाउन झेलले. त्याहून मला आठवतो तो तिसऱ्या क्वार्टरमधला पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्या संघाला देणं. तो कडेने आत शिरला, दोन्ही हात पुढे, आणि चेंडू किकरच्या पायावरून निघतानाच त्याच्या हातांवर आदळला. चेंडू उडाला, सहकाऱ्याने उचलून टचडाउन केला. ६२-३९. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलांना तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा दाखवला. सहा जणांच्या मागे उभा असलेला सातवा मुलगा, आणि तो काय करायचं ते जाणून आत आला होता.

तोच ओलाव्ह २०२१मध्ये आघाडीचा होता. आता त्या खोलीत कोण बसलं होतं ते सांगतो, आणि मग पुढे त्यांचं काय झालं ते. गॅरेट विल्सन: २०२२च्या ड्राफ्टमध्ये दहावा. ओलाव्ह: अकरावा. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा: २०२३मध्ये विसावा. मार्विन हॅरिसन ज्युनिअर: २०२४मध्ये चौथा. एमेका एग्बुका: २०२५मध्ये एकोणिसावा. पाच जण, पाचही पहिल्या फेरीतले, एकाच वेळी एकाच खोलीत. शिवाय त्याच वर्षी वसंतात जेमसन विल्यम्स इथून अलाबामाला निघून गेला होता. इथे जागा मिळेना, तिथे एका हंगामात १,५७२ यार्ड केले, आणि ड्राफ्टमध्ये बारावा गेला. म्हणजे २०२२च्या ड्राफ्टमधले दहावा, अकरावा आणि बारावा हे तिघेही २०२०मध्ये याच खोलीत व्हिडिओ बघत बसले होते. हायस्कूलच्या यादीत आपल्या वर्षाचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर असलेला ज्युलियन फ्लेमिंगही त्याच खोलीत होता, आणि तोही पुढे दुसऱ्या विद्यापीठात गेला.

पण ही यादी झाली. कसोटी झाली १ जानेवारी २०२२ला, पासाडिनात, रोझ बोलमध्ये, युटाविरुद्ध. विल्सन आणि ओलाव्ह ड्राफ्टच्या तयारीसाठी त्या सामन्यात उतरले नाहीत. हंगामात त्या दोघांनी मिळून १३५ झेल आणि २५ टचडाउन केले होते. कोणत्याही संघाचं कंबरडं मोडलं असतं. पहिल्या अर्ध्यात युटा ३५-२१ने पुढे होता. आणि मग स्मिथ-एन्जिग्बाने १५ झेलांत ३४७ यार्ड केले, तीन टचडाउन. बोल सामन्यातला तो आजवरचा विक्रम. ग्लेनचा १९९५मधला विद्यापीठाचा एका सामन्याचा २५३ यार्डांचा विक्रमही त्यात गेला. त्याहून मोलाची बाब म्हणजे हॅरिसन. त्या दिवसापर्यंत त्याच्या नावावर पूर्ण हंगामात पाच झेल होते. त्या सामन्यात सहा झेल, तीन टचडाउन. क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडने ५७३ यार्ड फेकले आणि संघ ४८-४५ने जिंकला.

ग्लेनडेलमध्ये एक गेला आणि ३५ यार्ड. पासाडिनात दोघे गेले आणि ५७३. तुलना करायची तर मी हीच करतो. समोरचा बचाव, क्वार्टरबॅकला मिळालेला वेळ, सगळं वेगळं होतं, मान्य. तरीही फरक एवढा मोठा आहे की त्यातला बराचसा वाटा रिसीव्हरच्या खोलीचाच मानावा लागतो.

लोक लगेच अलाबामाचं २०१९चं नाव घेतात, आणि बरोबर घेतात. ड्राफ्टमध्ये रग्स बारावा, ज्युडी पंधरावा, वॉडल सहावा, डेव्हॉन्टा स्मिथ दहावा. चौघेही पहिल्या पंधरात. पहिले चौघे एवढंच बघायचं असेल तर मी अलाबामालाच वर ठेवीन. डेव्हॉन्टा स्मिथने तर २०२०मध्ये हाइझमन जिंकली आणि अंतिम सामन्यात आमच्याच संघाविरुद्ध पहिल्या अर्ध्यात २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले. पण ओहायो स्टेटच्या आपल्याच जुन्या काळाशी तुलना करताना २०२१च्या जवळ काहीच येत नाही.

मग पुढच्याच वर्षी हीच विहीर तळाला लागलेली दिसली. २०२२मध्ये स्मिथ-एन्जिग्बाची मांडी दुखावली, हंगामभरात फक्त पाच झेल. तरी हॅरिसन १,२६३ आणि एग्बुका १,१५१ यार्ड, म्हणजे हंगामभर उणीव जाणवली नाही. ३१ डिसेंबरला अटलांटात जॉर्जियाविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी हॅरिसनला एंड झोनमध्ये जबर धडक बसली आणि तो बाहेर गेला. संघ तेव्हा पुढे होता. शेवटी ४२-४१ने हरला. त्या सामन्यात झेव्हियर जॉन्सनने, जो स्कॉलरशिपशिवाय आला होता, ३७ यार्डांचा टचडाउन झेलला होता. पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा माणूस, आणि त्याने आपलं काम केलं. पण शेवटच्या पंधरा मिनिटांत पहिला आणि दुसरा दोन्ही माणसं नसणं, हे जॉर्जियासारख्या संघापुढे कोणत्याच खोलीला झेपत नाही.

२०२४ला जेरेमाया स्मिथ, एग्बुका आणि कार्नेल टेट. हे तिघे फार वरच्या दर्जाचे. स्मिथने पहिल्याच वर्षी ७६ झेल आणि १५ टचडाउन करून कार्टरचे चाळीस वर्षांपूर्वीचे पहिल्या वर्षाचे विक्रम मागे टाकले. एग्बुका २०५ झेलांसह विद्यापीठाच्या यादीत सर्वांत वर गेला. चौथ्या क्रमांकाच्या माणसावर मात्र त्या वर्षी मोठी वेळ आलीच नाही. म्हणून मी त्या फळीला खोल म्हणत नाही, ताकदवान म्हणतो. तिघांची ताकद कशी चालते ते प्लेऑफमध्ये दिसलं. ओरेगनविरुद्ध स्मिथने १८७ यार्ड केले. पुढच्या सामन्यात टेक्ससने त्याला असा वेढला की त्याला एकच झेल मिळाला, तीन यार्डांचा. संघ तरी २८-१४ने जिंकला, कारण एकावर दोन माणसं लावली की दुसरीकडे कुठेतरी माणूस कमी पडतो आणि तिथे टेट आणि एग्बुका उभे होते. मग २० जानेवारी २०२५ला नोत्र दामविरुद्ध, ३१-२३ अशी आघाडी असताना तिसऱ्या डाउनवर (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्यावर) ११ यार्ड हवे होते, आणि नोत्र दामने स्मिथवर एकच माणूस ठेवला. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने चेंडू वर टाकला. ५६ यार्ड. तिथे सामना संपला.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. उरलेलं अर्धं पायांचं आहे. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे रिसीव्हर झेल घेतो तेवढाच दिसतो. प्रत्यक्षात तो सामन्यात साठ-सत्तर वेळा जोरात धावतो आणि त्यातल्या पन्नासेक वेळा त्याच्याकडे चेंडू येतच नाही. तरी त्याने तेवढ्याच जोरात धावायचं असतं, नाहीतर कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या बचावपटूला, कळतं की हा फक्त दाखवायला पळतोय. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी मांड्या जड होतात. रूटचं, म्हणजे धावायच्या ठरलेल्या वाटेचं वळण, जे नव्वद अंशात कापायचं, ते गोल व्हायला लागतं. वळण एक पाऊल गोल झालं की कॉर्नर आत येतो. चौथा-पाचवा माणूस भरवशाचा असेल तर पहिल्याला दर मालिकेत दोन-तीन खेळ विश्रांती मिळते आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचं वळण धारदार राहतं.

हा चौथा माणूस सरावात घडतो. सुरुवातीला मी बहुतेक कोचांसारखंच करायचो, दहापैकी आठ फेऱ्या पहिल्या गटाला. एका ऑक्टोबरमध्ये माझ्या पहिल्या मुलाचा घोटा मुरगळला आणि आत गेलेल्या मुलाच्या छातीवर चेंडू आदळून खाली पडला. झेल सोपा होता. तो मुलगा हातांऐवजी छातीने झेल घ्यायला गेला, कारण त्या वेगाचा चेंडू त्याने सरावात फारसा पाहिलाच नव्हता. चूक माझी होती. तेव्हापासून मी सहा-चारचं प्रमाण ठेवतो, आणि सरावाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त मागच्या मुलांची. टेनिसचा चेंडू भिंतीवर मारायचा, एका हाताने घ्यायचा, आणि हात शेवटच्या क्षणापर्यंत वर आणायचे नाहीत. हात लवकर वर आले की बचावपटूला कळतं चेंडू येतोय. स्मिथ-एन्जिग्बाचे तुकडे बघा, चेंडू डोक्याशी येईपर्यंत त्याचे हात कमरेपाशी असतात.

काळांची तुलना करताना एक बदल मात्र सतत ध्यानात ठेवा. १९७३च्या आधी स्कॉलरशिपना राष्ट्रीय मर्यादाच नव्हती. मोठी विद्यापीठं मुलं साठवून ठेवत. मग १०५, मग ९५, आणि १९९४पासून २०२४पर्यंत ८५. साठवण बंद झाली, तरी मुलगा एकदा आला की बहुधा थांबायचा, कारण दुसरीकडे गेलं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलायला नाव नोंदवायची सोय, आलं, २०२१ला एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि त्याच जुलैपासून मुलांना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. आता चौथ्या क्रमांकावरचा मुलगा वाट बघत नाही, आणि का बघावी? आपल्याकडे अमोल मुझुमदारचं उदाहरण आहे. मुंबईच्या फलंदाजीत एवढी गर्दी होती की प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही त्याला कसोटी मिळाली नाही, आणि शेवटी तो आसामकडून खेळायला गेला. जेमसन विल्यम्स पहिली दोन वर्षं संपताच निघाला. म्हणून आज पाच चांगले रिसीव्हर एका खोलीत टिकवून ठेवणं हे १९९४पेक्षा कितीतरी कठीण काम आहे, आणि २०२१च्या खोलीचं मोल मला त्यामुळेच जास्त वाटतं. विल्यम्स गेल्यानंतरही तिथे पाच उरले होते.

२०२३ची आठवणही ठेवा. हॅरिसनने बिलेटनिकॉफ जिंकला, पण वर्षअखेरीच्या कॉटन बोलमध्ये तो उतरला नाही, नेहमीचा क्वार्टरबॅक बदली घेऊन गेला होता, त्याच्या जागी आलेला दुखावला, आणि मिसूरीविरुद्ध संघाला जेमतेम तीन गुण मिळाले. एग्बुका आणि टेट मैदानावर होते. चेंडू पोचवणाराच नसेल तर खोली कितीही असो, दिसत नाही.

शरद ऋतूत एकदा तरी स्टेडियमवर लवकर जा, खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी. रिसीव्हर रांगेत वॉर्म-अप करतात तेव्हा पहिल्या दोघांना सोडून द्या, त्यांना सगळेच बघतात. रांगेतला पाचवा आणि सहावा बघा. वळण घेताना त्यांचं मागचं पाऊल जमिनीत रुततं का, डोकं चेंडूकडे आधी फिरतं की खांदे, आणि कोणी बघत नसताना झेल घेऊन ते दहा यार्ड पूर्ण पळतात की पहिल्या तीन पावलांत थांबतात. नोव्हेंबरमध्ये मिशिगनचा सामना येईल तेव्हा त्यांच्यापैकी एखादा आत आलेला असेल, आणि तुम्हाला त्याचा नंबर आधीच माहीत असेल.